घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या थंडीवर बोलायला बसलोय म्हटल्यावर नाशिक-पुण्याकडचं कोणी ऐकत असेल तर ते आधी पोटभर हसून घेणार, म्हणणार सोलापुरात कसली आलीय थंडी, तिथं तर एक उन्हाळा आणि दुसरा त्याहून मोठा उन्हाळा. हसू द्या त्यांना. पण जानेवारीत पहाटे सव्वासहाला जुळे सोलापुरातनं सायकल काढून अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं निघालेल्या माणसाला विचारा, ब्रेकवर ठेवलेली बोटं कशी बधिर होतात ते. आणि त्याच माणसाला दुपारी तीनला परत येताना बघा, स्वेटर कमरेला बांधलेला, शर्टाची वरची दोन बटणं उघडी, आणि रसवंतीसमोर उभा.

तर आजचा विषय हाच. थंडीत सायकलवरनं कामाला जायचं तर अंगात घालायचं काय.

मी टॉवेलच्या कारखान्यात टेस्टिंग लॅबमध्ये आहे. म्हणजे सूत ताणून बघायचं, टॉवेल भिजवून बघायचा, ओव्हनमध्ये वाळवून वजन करायचं, असली कामं. फर्स्ट शिफ्ट सातची. सायकल सुरू केली ती पेट्रोल वाचवायला, पर्यावरण वगैरे नंतर सुचलं, उगाच मोठेपणा नको. पहिल्या हिवाळ्यात मी काय केलं, तर सगळे करतात तेच. सुती बनियन, वर शर्ट, वर आईनं स्वतः विणलेला मरून स्वेटर, त्यावर स्कूटरवर घालायचं जाड जर्किन, गळ्याला मफलर, कानटोपी. गेटपाशी आई उभी असायचीच, बटण लावलं का बघायला. घरातून निघताना असं उबदार वाटलं की काय सांगू. आसरा पुलाचा चढ चढेपर्यंत अंगातनं वाफ निघायला लागली, सात रस्ता चौकात आत नुसती भट्टी, आणि कारखान्याच्या गेटवर पोचलो तेव्हा आमचे वॉचमनमामा माझ्याकडं बघून म्हणाले, काय बे, नळाखाली बसून आलास का?

खरी गंमत पुढं झाली. जर्किन काढलं, ओली बनियन तशीच अंगात, लॅबमधला एसी चालू, आणि दहा मिनिटांत दात वाजायला लागले. रस्त्यावर नाही वाजली एवढी थंडी लॅबमध्ये वाजली. त्यानंतर आठवडाभर सर्दी. आणि आई म्हणतेय, बघ, अजून एक स्वेटर घालायला पाहिजे होता!

आता हे असं का होतंय ते जरा बघू. सायकल चालवताना शरीर जेवढी ताकद खर्च करतं त्यातली साधारण २० ते २५ टक्केच पेडलला जाते, बाकीची सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे खरं बघितलं तर आपण पाय मारत नसतो, आपण एक शेकोटी पेटवत असतो आणि तिच्यातल्या थोड्याशा आगीवर सायकल पुढं जात असते. मग ती शेकोटी विझू नये पण घरही पेटू नये म्हणून शरीर काय करतं, घाम सोडतं. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, आपल्या माठाचं जे काम तेच. उन्हाळ्यात ते बरंच आहे. पण थंडीत तुम्ही पाय मारायचं थांबलात, शेकोटी विझली, आणि अंगावरचं ओलं कापड मात्र माठ होऊन बसलं, तर काय होणार? तुमचं पाणी गार होणार.

म्हणून मी परत परत सांगतो की सोलापूरच्या सायकलवाल्याचा खरा प्रॉब्लेम थंडी नाहीये, घाम आहे. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे साधारण १५-१६ डिग्री, कधी त्याच्याही खाली जातं, आणि दुपारी ३०. हवा कोरडी, आभाळ मोकळं, रात्रीत जमीन भराभर थंड होते आणि ऊन आलं की तेवढीच भराभर तापते. अशा ठिकाणी कपडे घालताना डोकं लावायचं ते घालण्यात नाही, काढण्यात लावायचं. एक जाड जर्किन म्हणजे एकतर आहे नाहीतर नाही, मधलं काहीच नाही. त्याच जागी तीन पातळ कपडे असतील तर एकेक कमी करता येतो.

आता सगळ्यात आतला कपडा, इथं मी जरा थांबणार कारण हे माझ्या पोटापाण्याचं आहे. आमच्या धंद्यात मॉइश्चर रिगेन म्हणून एक आकडा असतो. एकदम कोरडं केलेलं सूत हवेत ठेवलं की ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि १०० ग्रॅमला किती ग्रॅम ओढलं तो हा आकडा. कापसाचा साडेआठ धरतात. पॉलिएस्टरचा ०.४, म्हणजे जवळजवळ नाहीच. लोकरीचा १६च्या आसपास. आता टॉवेल कापसाचाच का करतात हे तुमच्या लक्षात आलं असेल, त्याला पाणी आवडतं म्हणून. एके दिवशी मला असंच लॅबमध्ये बसल्या बसल्या डोक्यात आलं की अरे, टॉवेलमध्ये जो गुण आपण दिवसभर मोजतो तोच गुण असलेली बनियन घालून आपण सायकल चालवतोय. आपण अंगात टॉवेल घालून फिरतोय! दुसऱ्या दिवशी घरनं निघताना कोरड्या बनियनचं वजन करून ठेवलं, आल्यावर लगेच लॅबच्या काट्यावर टाकली. ७० ग्रॅम वाढलेलं. पुढच्या दिवशी पॉलिएस्टरचा साधा क्रिकेटचा टी-शर्ट आत घातला, तेवढाच रस्ता, तेवढाच वेळ, तर २० ग्रॅमसुद्धा नाही. साहेबांनी विचारलं हे कुठल्या लॉटचं सॅम्पल, म्हटलं सर, माझंच.

पॉलिएस्टर घाम पीत नाही, तो पसरवतो आणि वाळू देतो. एवढंच त्याचं काम. महागडं काही लागत नाही, गल्लीतल्या क्रिकेट टीमचे छापील नावाचे टी-शर्ट असतात ना, ते चालतात. फक्त एक, त्याला वास लय लवकर येतो, रोज धुवावा लागतो, आणि हे मी तोंडावर सांगतोय कारण दुकानदार सांगणार नाही.

लोकरीचं मात्र वेगळंच प्रकरण. आकडा बघितला तर ती कापसापेक्षाही जास्त ओलावा धरते, मग ती गार का पडत नाही? कारण ती ओलावा धाग्याच्या पोटात घेते, वरनं चिकट ओली लागत नाही, आणि तिच्या कुरळ्या केसांमधली हवा तशीच राहते. हे सांगोला-मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळाला कुठल्याही लॅबशिवाय माहितीय, पावसात घोंगडीची खोळ करून तो दिवसभर रानात उभा असतो. घोंगडी घालून सायकल चालवा असं मी म्हणत नाही, टोचून टोचून जीव जाईल. पण पातळ लोकरीचा स्वेटर मधल्या कपड्याला उत्तम.

मधल्या कपड्याचं काम एकच, हवा धरून ठेवायची. ऊब कापडात नसते, कापडात अडकलेल्या हवेत असते. आपली सोलापुरी चादर बघा, पहाटे मार्केट यार्डात भाजी घेऊन येणारी माणसं ती दुमडून खांद्यावरनं घेतात, जाड सुती, भरपूर हवा, बसून राहायचं असेल तर तिच्यासारखं काही नाही. पण सायकलवर? एकतर ती चाकात जाणार, आणि घामानं भिजली की तुमच्यापेक्षा जड होणार. चादर शेकोटीपाशी, स्वेटर सायकलवर. आणि सोलापुरात खरं सांगायचं तर मधला कपडा वर्षातनं दहा-पंधरा सकाळीच लागतो, बाकी दिवस आतला टी-शर्ट आणि वरचा वाऱ्याचा कपडा एवढ्यावर भागतंय.

आता वरचा. हा ऊब देत नाही, हा फक्त वारा अडवतो. तुम्ही म्हणाल वारा कुठाय, पान हलत नाहीये. अहो वारा तुम्ही स्वतः तयार करताय की. ताशी २० किलोमीटरनं निघालात तर समोरनं २०चा वारा आलाच. अमेरिका-कॅनडाच्या हवामानवाल्यांनी २००१मध्ये याचा एक तक्ता पक्का केलाय, त्यात १० डिग्रीला २०चा वारा असला तर उघड्या कातडीला ७ डिग्रीसारखं लागतं. म्हणून पुलाच्या चढावर गरम होतं आणि उतारावर छातीत गार सुरी घुसल्यासारखं होतं, दोन मिनिटांच्या अंतरात. इथं पातळ विंडचीटर आणि त्याची चेन हेच खरं हत्यार. चढ आला की चेन खाली, उतार आला की वर. पावसाळ्याचा प्लास्टिकचा रेनकोट मात्र घालू नका, वारा अडतो हे खरं पण आतली वाफही बाहेर जात नाही आणि मग तुम्ही आत इडलीसारखे शिजता.

विंडचीटर नसेल तर पेपर. हो, वर्तमानपत्र. एसटी स्टँडच्या बाजूला पहाटे पेपर टाकणारी पोरं बघा, एक अंक शर्टाच्या आत छातीवर सारलेला असतो. तिकडं युरोपात सायकलच्या शर्यतीतले मोठमोठे खेळाडू डोंगराच्या टोकावर हेच करायचे, उतरायच्या आधी जर्सीत पेपर कोंबायचे. मी दोनदा केलंय. पोटावर शाई उमटते, बाकी तक्रार नाही.

हाताचं काय करायचं? शेवटी बोटं सगळ्यात पुढं असतात आणि काहीच काम करत नसतात. पातळ हातमोजे घ्या, जाडे नको, ब्रेक नीट दाबता आला पाहिजे. आणि उन्हाळ्यात गाडीवरच्या बायका ते कोपरापर्यंतचे, कातडीच्या रंगाचे बाह्या घालतात ना, नवी पेठेत रस्त्यावर ढीग लावून विकतात, ते थंडीत झकास. गरम झालं की सिग्नलला उभ्या उभ्या मनगटापर्यंत खाली ओढायचे, शर्ट काढायची भानगड नाही. पोरं हसतात, हसू द्या.

कान झाका, पण डोक्यातनं निम्मी उष्णता निघून जाते म्हणतात ते काही खरं नाही, डोकं म्हणजे अंगाच्या कातडीचा दहावा हिस्सा, तेवढीच उष्णता तिथनं जाणार. हेल्मेटखाली पातळ रुमाल बांधला तरी कान वाचतात. मफलर असेल तर दोन्ही टोकं आत खोचा, ओढणीचंही तेच. माझ्या एका दोस्ताचा मफलर सायकलच्या चेनमध्ये गेला होता, तो पडला नाही हे नशीब, मफलरचं मात्र दोरखंड झालं. पायाला जास्त काही लागत नाही, पायच शेकोटी आहेत. पँटच्या उजव्या पायाला एक रबर लावा फक्त. आणि पाठीवर सॅक नको, सॅकखाली पाठ भिजतेच भिजते, डबा आणि कोरडा शर्ट कॅरिअरला बांधा.

कोरडा शर्ट मात्र विसरू नका. पोचल्या पोचल्या आतला ओला काढायचा, टॉवेलनं पुसायचं, तो तर आपल्या गावात उधारीवरही मिळतोय, आणि मग कोरडं घालायचं. हे दोन मिनिटांत नाही केलं तर वरचं सगळं वाया. आणि जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, म्हणजे फर्स्ट शिफ्टवाला अंधारातच निघतो, तेव्हा काळं जर्किन घालून अक्कलकोट रोडला ट्रकच्या पुढं जाऊ नका, पांढरं काहीतरी आणि मागं लाल दिवा पाहिजेच.

पांढऱ्यावरनं आठवलं. संक्रांतीला आपल्या गड्ड्याच्या जत्रेत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज, म्हणजे त्या उंच काठ्या, निघतात तेव्हा ते पेलणारी माणसं बघितलीत ना? अंगात फक्त बाराबंदी. एक पातळ पांढरी सुती अंगरखी, बंदांनी बांधलेली. जानेवारीची रात्र, आपण बघणारे स्वेटर घालून हात खिशात घालून उभे, आणि त्यांच्या कपाळावरनं घाम गळतोय. एवढा उंच, एवढा जड काठीचा भार कमरेवर तोलून चालायचं म्हटल्यावर आत शेकोटी केवढी पेटत असेल. त्यांना कोणी म्हणत नाही की स्वेटर घाल.

म्हणून माझा नियम, घरातनं निघाल्यावर पहिली पाच मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे. वाजली नाही तर समजायचं एक कपडा जास्त झाला. हे मी आईला तीन हिवाळे समजावून सांगितलं, आकड्यांसकट सांगितलं, काही उपयोग नाही. त्यामुळं आता मी तिच्यासमोर मरून स्वेटर घालतो, वरपर्यंत बटणं लावतो, गेटातनं बाहेर पडतो, आणि कोपऱ्यावर वळलो की काढून घडी करून कॅरिअरला अडकवतो. दुपारी येताना कोपऱ्यावर थांबून परत कमरेला बांधायचा. मस्त चाललं होतं. परवा ती कपडे भिजवत होती, स्वेटर हातात घेऊन नाकाशी धरला, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, संक्रांत आली, तरी ह्याला घामाचा वास कसा लागला नाही रे?