पडदा जुना, गाडी धडधाकट

[समृद्धी महामार्ग, गाडीच्या आतून]
सिन्नर मागे पडलंय, गाडी समृद्धीवर सुसाट. आता गाडीतला पडदा बघा. बाण चाललाय थेट शेतातून. आजूबाजूला रस्ता नाही, गाव नाही, नुसता करडा पट्टा. समृद्धीचा पहिला टप्पा, नागपूर ते शिर्डी, डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. या गाडीतला नकाशा त्याआधीचा आहे. इंजिन ठणठणीत, टायर नवे. म्हातारा झालाय तो फक्त पडद्यामागचा संगणक.

[नाशिक, मुंबई नाक्याजवळचं दुकान]
गाडीचे मालक पिंपळगाव बसवंतचे द्राक्षबागायतदार काका. गाडी विकायची नाही, स्क्रीन तेवढा सुधारून द्या, एवढंच त्यांचं मागणं.

दुकानातल्या कारागीर दादांच्या हातात प्लॅस्टिकची पट्टी आहे. पेचकसाने ट्रिम, म्हणजे पडद्याभोवतीची चौकट, उचलली की क्लिपा तुटतात. चार स्क्रू, मागचे कपलर (वायरींचे जोड), जीपीएस अँटेनाची बारीक वायर, आणि युनिट बाहेर. आपण ज्याला म्युझिक सिस्टिम म्हणतो तो हा अख्खा संगणक: प्रोसेसर, रॅम, साठवणुकीची चिप. तो चालवणारी प्रणाली कुठे लिनक्स असते, कुठे क्यूएनएक्स, कुठे अँड्रॉइड.

[मागच्या लेबलचा क्लोजअप]
दादा आधी हार्डवेअर नंबर लिहून घेतात, मग सेटिंगमधली सॉफ्टवेअरची आवृत्ती. गाडी तीच, मॉडेल तेच, तरी आतला बोर्ड वेगळा निघू शकतो आणि मग फाइलही वेगळी लागते. नंबर न बघता कुठून तरी मिळालेली फाइल टाकली, तर युनिट कायमचं बंद पडू शकतं.

[युनिट पुन्हा जोडलेलं, बॅटरीला चार्जर]
पेनड्राइव्ह युनिटला वाचता येईल अशा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलाय. त्यावर या बोर्डासाठी कंपनीनेच काढलेली शेवटची फाइल आहे. बॅटरीला चार्जर लावलाय, कारण सॉफ्टवेअर लिहिलं जात असताना व्होल्टेज पडलं तर बूटलोडर, म्हणजे युनिट सुरू करणारा पहिला प्रोग्राम, अर्धवट राहू शकतो, आणि बूटलोडरशिवाय युनिट जागंच होत नाही. फाइल वाचताना युनिट तिच्यावरची डिजिटल सही, म्हणजे फाइल कंपनीचीच असल्याची खूण, तपासतं. सही जुळली, पडद्यावरची प्रगतीची पट्टी पुढे सरकू लागली. आता कुणी चावीला हात लावायचा नाही.

[पडदा काळा, मग लोगो]
नव्या आवृत्तीत अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनमधली ॲप गाडीच्या पडद्यावर दाखवणारी सोय, आलंय. फोन जोडला की नकाशा फोनमधला, रोजचा ताजा. समृद्धी पडद्यावर दिसते आहे. काकांचा चेहरा बघा.

[दुसरी गाडी, वायरिंग]
इथे कंपनीचं अपडेटच नाही, म्हणून नवं अँड्रॉइड युनिट बसतंय. मधली छोटी डबी म्हणजे कॅनबस डिकोडर. स्टेअरिंगवरची बटणं, रिव्हर्सचा इशारा, हे सगळं गाडीतले भाग एकमेकांशी जोडणाऱ्या कॅन जाळ्यातून येतं. ही डबी ते नव्या युनिटला समजेल असं करून देते. हे कॅन तंत्रज्ञान बॉशने १९८६ मध्ये जगासमोर मांडलं. त्याच बॉशचा कारखाना आपल्या सातपूरला आहे.

[सूक्ष्मदर्शकाखाली चिप, गरम हवेची गन]
तिसरं काम सगळ्यात नाजूक. साठवणुकीच्या चिपवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते. सतत नोंदी लिहून ती झिजते. टेस्लासारख्या कंपनीलाही याच कारणाने २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांतली चिप होती ८ जीबीची. दादा जुनी चिप उचलतात, डेटा उतरवून घेतात आणि तो नव्या, मोठ्या चिपवर चढवतात. एका चिपसाठी आख्खं युनिट भंगारात जायचं थांबतं.

फाइलवरच्या सहीची तपासणी मात्र हवीच. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी इन्फोटेनमेंटच्या, म्हणजे याच पडद्यामागच्या संगणकाच्या, वाटेने जीप चेरोकीत दुरून शिरकाव केला होता आणि १४ लाख गाड्यांसाठी रिकॉल निघाला. वॉरंटीतल्या गाडीची वायर तोडण्याआधी अटीही वाचा.

[दुकानाबाहेर रांगेतल्या गाड्या]
अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०१८ मध्ये गाडीच्या करमणूक यंत्रणेचं सॉफ्टवेअरही दुरुस्तीसाठी त्याचं डिजिटल कुलूप उघडण्याच्या सवलतीत आणलं. भारतात केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहन क्षेत्र आहे. मग प्रत्येक जुन्या मॉडेलची शेवटची अधिकृत फाइल, हार्डवेअर नंबरासकट, मालकाला आणि त्याच्या कारागिराला उघडपणे मिळाली पाहिजे. कंपनीने ते मॉडेल बनवणं बंद केलं असलं तरीही.