जमीन भावाच्या नावावर "नुसती टाकली" होती, आता तो देत नाही

नमस्कार मंडळी, आज थेट मुद्द्यावर येतो. धंदा बसतो, पतसंस्थेची नोटीस येते, आणि मग घरातलाच कोणीतरी शहाणा सांगतो की अरे जप्ती यायच्या आत नावावरून काढ ना सगळं, घराचं बायकोच्या नावे बक्षीसपत्र कर, शेताचं धाकट्या भावाच्या नावे खरेदीखत कर, पैसे कोण देतंय, नुसतं कागदावर, नंतर घेऊ फिरवून. आणि आपल्याकडे हे स्वस्तही पडतं बरं का, महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. भाऊ त्या यादीत नाही, म्हणून भावाच्या नावे करताना माणूस खरेदीखत करतो आणि किंमत टाकतो कायतरी.

सगळ्यांना भीती असते बँकेची. पण मी सांगतो, नंतर खरी मारामारी होते ती धाकट्याशी.

बँकेचं आधी पटकन उरकतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 53. देणी बुडवायला किंवा लांबवायला स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली तर ज्याचे पैसे अडकलेत तो घेणेकरी कोर्टात जाऊन ती रद्द करून घेऊ शकतो. ज्याने प्रामाणिकपणे, मोबदला देऊन घेतली त्याला संरक्षण आहे, पण तुमच्या धाकट्याने दिले का पैसे? नाही ना.

आता हे कोर्ट ओळखतं कसं? याची मुळं जातात इंग्लंडमध्ये 1601 च्या सुमारास. पिअर्स नावाचा माणूस, त्याच्यावर ट्वाइन नावाच्या एकाचं 400 पौंड देणं आणि आणखी एकाचं 200. त्या दुसऱ्याने दावा लावला तसा पिअर्सने आपलं होतं नव्हतं ते सगळं गुपचूप ट्वाइनच्या नावे करून टाकलं, मेंढ्यांसकट. पण मेंढ्या राहिल्या पिअर्सकडेच, लोकर तोच कापतोय, खूण पण स्वतःचीच मारतोय! कोर्ट म्हणालं हा बनाव आहे. आता मेंढ्यांच्या जागी आपलं शेत ठेवा, सातबारा धाकट्याच्या नावे, पण ऊस तुम्हीच कारखान्याला घालताय, मोटारीचं बिल तुम्हीच भरताय, आणि खरेदीखताची तारीख नोटिशीनंतर आठ दिवसांची. वकिलाला फार डोकं लावावं लागत नाही हो. वर हा फक्त दिवाणी मामला नाही, जुन्या आयपीसीचं 421, आता भारतीय न्याय संहितेचं 320, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बरं, समजा बँकेने लक्षच दिलं नाही. दहा वर्षं गेली, जमिनीजवळून हायवे गेला, धाकटा म्हणतो माझ्या नावावर आहे, कागद बघ. किंवा धाकटा वारला आणि पुतणे म्हणतात आम्हाला कोणी काही बोललंच नव्हतं (आणि खरंच बोललेलं नसतं, अशा गोष्टी कोण मुलांना सांगतं). तुम्ही म्हणता कलम 53 लावा! तर ते तुमच्यासाठी नाहीच. तो दरवाजा घेणेकऱ्याचा आहे, तुमचा नाही. बक्षीसपत्र असेल तर त्याच कायद्याचं कलम 126, मनात आलं म्हणून फिरवता येत नाही.

मग उरतं काय, तर कोर्टात उभं राहून सांगायचं की साहेब हा व्यवहार खोटा होता, मालकी गेलीच नव्हती. तोंडी पुरावा देता येतो त्यावर, नाही असं नाही. पण उलटतपासणीत पहिला प्रश्न येणार, खोटा कशासाठी केला? आणि तुम्ही काय सांगणार, पतसंस्थेला फसवायला?

1961 मध्ये सुप्रीम कोर्टात आंध्रातलं असंच प्रकरण गेलं होतं, निकाल लिहिला आपल्या साताऱ्याच्या न्या. गजेंद्रगडकरांनी. फसवण्यात दोघेही सामील, आणि ज्याच्या नावावर कागद तो ताबा मागत होता. कोर्टाने त्याला मदत नाकारली. का, तर दोघेही सारखेच दोषी असताना फसवणुकीच्या कागदावर कोर्टाने आपल्या हाताने ताबा देणं जास्त वाईट. म्हणजे जिथे आहे तिथे राहू दे. आता हेच उलटं करा, ताबा धाकट्याकडे असेल आणि मागणारे तुम्ही असाल तर?

एक फट आहे. ज्याच्यासाठी केलं ते झालंच नाही, म्हणजे कर्ज नंतर फेडलं, कोणी बुडालं नाही, तर भारतीय विश्वस्त कायद्याचं कलम 84 तुमच्या बाजूने येतं, धाकटा ती जमीन तुमच्यासाठी सांभाळतोय असं धरता येतं. म्हणून पतसंस्थेचा बेबाकी दाखला फेकू नका, फाईलला लावून ठेवा.

आणि ज्यांच्या नावावर भावाने टाकलीय ते खुशीत बसले असतील, त्यांना मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 128. बक्षीसपत्राने त्याची सगळीच मालमत्ता तुमच्याकडे आली असेल तर तोपर्यंतची त्याची देणीही आली, मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत. तेव्हा नोटीस आली तर "माझा काय संबंध" म्हणत बसू नका, बक्षीसपत्र घेऊन वकिलाकडे जा.