टाकीआधी ओटा

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे 'घरगुती तेलटाकी आणि आगीपासूनची अंतरं'. तिकडे येतोच, पण आधी ओटा, म्हणजे टाकीखालची पक्की बैठक. इंग्लंडच्या ज्या खेड्यांत गॅसची लाइन पोचलेली नाही, तिथे घर गरम करणारा बॉयलर रॉकेलवर चालतो, आणि ते तेल घराबाहेरच्या टाकीत साठवतात. तसं घर घेतलेली माणसं टाकीचे लिटर विचारतात, किंमत विचारतात. ती बसणार कशावर, हे कुणी विचारत नाही. मला याचा खरोखर राग येतो.

हिशेब करा. एक लिटर रॉकेलचं वजन साधारण 0.8 किलो. म्हणजे 1200 लिटरची टाकी भरली की नुसतं तेलच जवळपास एक टन. प्लॅस्टिकच्या टाकीचा तळ पूर्ण टेकलेला हवा. ओट्याचा कोपरा खचला, किंवा टाकीची कड ओट्याबाहेर लोंबली, की ताण एका जागी येतो आणि प्लॅस्टिक तिथेच तडकतं. लगेच नाही, काही वर्षांनी. तोवर बसवणारा विसरूनही गेलेला असतो! जुन्या लोखंडी टाकीखालचे विटांचे खांब दिसले म्हणून त्यांवर प्लॅस्टिकची टाकी चढवू नका. लाकडी स्लीपर, म्हणजे जाड ओंडके, तर नकोच. ते कुजतात आणि पेटतातही.

काँक्रीट 100 मिमी जाड घाला, नाहीतर निदान 42 मिमी जाडीच्या फरशा पक्क्या बसवा, आणि पाणसळ लावून पातळी बघा. ओटा टाकीच्या चारही बाजूंना 300 मिमी बाहेर हवा. खर्च वाचवायला पहिली कात्री लागते ती याच पट्टीला. तिच्यामुळे टाकीलगत गवत उगवत नाही, आणि वाळलेलं गवत पेटलं तरी ज्वाला टाकीखाली शिरत नाही. आलो ना आगीच्या विषयावर?

मागून प्रश्न आलाय, बंडेड टाकी, म्हणजे टाकीभोवती दुसरी टाकी, सक्तीची कधी? टाकी 2500 लिटरहून मोठी असेल, ओढा-नदी 10 मीटरच्या आत असेल, विहीर किंवा झरा 50 मीटरच्या आत असेल, किंवा सांडलेलं तेल फरसबंदीवरून वाहत गटाराच्या सैल झाकणापर्यंत जाणार असेल तर. बाहेरच्या टाकीत आतल्या टाकीच्या 110 टक्के तेल मावलं पाहिजे. तिच्यात पावसाचं पाणी साठलं की ही जागा कमी होते, म्हणून आत डोकावत जा. पाणी काढण्यासाठी तिला भोक मात्र पाडू नका. गळलेलं तेल त्याच वाटेनं जाईल.

घंटा झाली, भराभर सांगतो. टाकी घराच्या भिंतीपासून, खिडकी-दारांपासून, बॉयलरच्या धुराड्याच्या तोंडापासून 1.8 मीटर. शेजाऱ्याच्या हद्दीपासून 760 मिमी. जागा नसेल तर मध्ये 30 मिनिटं आग सोसणारी सलग भिंत बांधा. घराच्या बाजूची भिंत टाकीपेक्षा 300 मिमी उंच आणि दोन्हीकडे तेवढीच जास्त रुंद. तेलाच्या नळीवरचा फायर व्हॉल्व्ह, म्हणजे आग लागली की तेल बंद करणारी झडप, घराबाहेर, त्याचा सेन्सर बॉयलरमध्ये बर्नरच्या वर.

आणि जुनी टाकी बदलली तरी हेच नियम लागू होतात. ऑफटेककडे, म्हणजे तेलाच्या टाक्या-बॉयलरचं काम करणाऱ्यांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी असलेला तंत्रज्ञ काम नियमांप्रमाणे झाल्याचं स्वतः प्रमाणित करतो. दुसऱ्या कुणाकडून करून घेणार असाल, तर काम सुरू होण्याआधी स्थानिक कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे बांधकामाचे नियम तपासणाऱ्या विभागाला, कळवा.