फ्रेडीनंतरचं क्वीन

नमस्कार श्रोतेहो.

पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत शिकलेला फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला, लंडनच्या ‘क्वीन’ या रॉक बँडचा आवाज झाला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो गेला. मागे तिघे उरले. बेस वाजवणारे जॉन डीकन काही वर्षांनी निवृत्त झाले. गिटारवरचे ब्रायन मे आणि ड्रमवरचे रॉजर टेलर मात्र वाजवत राहिले, आणि कसे राहिले ते आपल्या गोव्यातल्या कलाकारांनी नीट पाहावं, असं मला फार वाटतं.

फ्रेडीची नक्कल करणारा गायक त्यांनी घेतला नाही. आधी आले पॉल रॉजर्स, भरदार आवाजाचे, ब्लूजच्या अंगानं गाणारे. २००९पर्यंत ती सोबत चालली. मग टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतून पुढे आलेला ॲडम लॅम्बर्ट. २०१२पासून तो त्यांच्याबरोबर दौरे करतो. तार सप्तकात लीलया फिरतो, पण जागा घेतो त्या स्वतःच्या.

आपल्याला यात नवल वाटू नये. आपल्या गोव्याच्या शास्त्रीय गायिका, केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई, दोघींनाही तालीम जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांची. तरी एकीचं गाणं दुसरीसारखं नाही. आणि मोगूबाईंच्या कन्या किशोरीताई तर आईकडून सगळं घेऊन वेगळ्याच वाटेनं गेल्या. जयपूर घराणं यांच्यामुळेच पुढे आलं ना?

मग क्वीनचं क्वीनपण राहिलं कशात? माझ्या मते बरंचसं ब्रायन मे यांच्या गिटारीत. ती त्यांनी वडिलांबरोबर घरीच बनवली. १९६३ साली काम सुरू केलं. मानेला घराच्या भिंतीतल्या जुन्या शेकोटीवरच्या फळीचं लाकूड, आत मोटरसायकलच्या स्प्रिंगा. तारा छेडायला प्लास्टिकची पट्टी नाही, सहा पेन्सचं नाणं. नाण्याची दातेरी कड तारेला घासते आणि सुराला किंचित खर येते. गायक बदलले, ती खर अजून तीच आहे.

आपल्याकडे लग्नाला, फेस्ताला वाजवणारे बँड गावोगाव आहेत. मुख्य गायक बोटीवर किंवा आखातात नोकरीला गेला की बँड मोडतो, नाहीतर त्याच्यासारखाच गळा शोधत बसतो. मित्रांनो, नव्या मुलाला त्याच्या पट्टीत गाऊ द्या. गिटार, ड्रम तुमचेच आहेत. तालमीला पहिल्या दिवशी गाण्याची पट्टी त्यालाच ठरवू द्या.