पन्नाशीची हाडं पंचविशीत

श्रोतेहो, नमस्कार.

पाळीची तक्रार घेऊन मुलगी वैद्यांकडे येते तेव्हा पहिले प्रश्न पाळीचे नसतातच. भूक कशी लागते, पोट रोज साफ होतं का, रात्री किती वाजता झोपतेस, असं विचारणं चालू असतं. शेजारी बसलेल्या आईचा धीर सुटतो. "अहो, पोटाचं काही नाही हो, हिची पाळी बघा ना!" पण उत्तर बऱ्याचदा त्या पोटाच्या प्रश्नांतच सापडतं. आयुर्वेद असं मानतो की अन्न पचून जो पहिला धातू, म्हणजे शरीर घडवणारा घटक, तयार होतो तो रस, आणि पाळीचं रक्त आणि आईचं दूध हे दोन्ही त्या रसाचेच उपधातू, म्हणजे त्याच्यापासूनच तयार होणारे. जिची भूक मंद, जेवण उरलंसुरलं, तिची पाळी तरी सुरळीत कशी चालणार?

पाळी साधारण बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत चालते, असं आयुर्वेदाचे प्राचीन आचार्य सुश्रुतांनी लिहून ठेवलं आहे. चरकसंहितेत निरोगी पाळी कशी असते तेही सांगितलंय: महिन्याने येणारी, पाच रात्री टिकणारी, फार नाही आणि फार कमीही नाही, आणि जिच्यात आग नाही, वेदना नाही. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण मुलींना सांगतो, दुखायचंच, सवय कर. दर महिन्याला शाळा बुडवून अंथरुणावर मुटकुळं करून पडावं लागत असेल, तर ते सवय करून घेण्यासारखं नाही. त्यावर उपचार घ्यायला हवेत.

चरक म्हणतात, वात बिघडल्याशिवाय स्त्रीचं गर्भाशय आणि योनी बिघडत नाही. वात म्हणजे शरीरातली हालचाल चालवणारी शक्ती. ओटीपोटातला हा वात म्हणजे अपान. लघवी, शौच, पाळी, प्रसूती ही सगळी कामं त्याच्याकडे. तो कशाने बिघडतो? वेग अडवल्याने. चांगलं स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर लघवी तुंबवणाऱ्या आणि त्यासाठी पाणीच न पिणाऱ्या मुली किती आहेत, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस कंबरेला आणि ओटीपोटाला कोमट तिळाचं तेल हलक्या हाताने लावावं, जेवण गरम आणि साधं असावं, जागरण टाळावं. रजस्वलेला, म्हणजे पाळी चालू असलेल्या स्त्रीला, विश्रांती हवी, हे शास्त्राचं म्हणणं अगदी योग्य आहे. पण तिला बाजूला बसवणं, शिवू न देणं, याला आरोग्याचं नाव देऊ नये. जुन्या ग्रंथांतले या दिवसांचे सगळे नियम आज पाळावेत, असं मी म्हणणार नाही.

रक्तस्राव जास्त असेल तर अशोकाच्या सालीचं नाव घरोघरी घेतलं जातं. इथे थोडं सावध राहा. रस्त्याकडेला उंच, सरळ वाढणारं झाड आपण अशोक म्हणून ओळखतो, पण औषधातला अशोक तो नव्हे. औषधातला सीतेचा अशोक, ज्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात. त्यामुळे साल आणून घरी काढा करण्याच्या फंदात पडू नये. आणि तासातासाला पॅड बदलावं लागत असेल किंवा स्राव सात दिवसांपुढे जात असेल, तर आधी तपासणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मंडूर, लोहभस्म ही लोखंडापासून केलेली औषधं आयुर्वेदात आहेत, पण ती वैद्यांच्याच देखरेखीखाली घ्यावीत. आणि सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं, तर ते ऐकू नका.

गरोदर स्त्रीला कसं जपावं? चरक म्हणतात, काठोकाठ भरलेलं तेलाचं भांडं न हिंदकळता न्यावं, तसं. महिन्यामहिन्याचा आहार त्यांनी सांगितलाय, आणि त्यात दूध, तूप, गोड आणि पचायला सोपं असं अन्न आहे, कडक औषधं नाहीत. म्हणून पोट साफ होत नाही म्हणून दुकानातून जुलाबाचं चूर्ण, किंवा कुणी सांगितलं म्हणून कोरफडीचा रस, या काळात नकोच. रक्तदाब, रक्त, सोनोग्राफी या तपासण्या चुकवू नयेत.

बाळंतपणानंतरचे दिवस मात्र शास्त्राने फारच बारकाईने पाहिले आहेत. साधारण दीड महिना ती सूतिका, म्हणजे बाळंतीण. पोट रिकामं झालेलं, रक्त गेलेलं, अग्नी म्हणजे पचनशक्ती मंद. म्हणून पोटाला कापड गुंडाळायचं, वाताला मोकळी जागा मिळू नये. पचेल तेवढंच तूप, ते पचलं की पिंपळीसारख्या द्रव्यांनी सिद्ध केलेली पातळ पेज, असे पाच-सात दिवस, आणि मग हळूहळू पौष्टिक आहार. आपण करतो काय? दुसऱ्याच दिवसापासून डिंकाचे लाडू तिच्यापुढे ठेवतो, आणि मग तिला ढेकर येतात, पोट जड होतं. लाडू वाईट नाहीत, फक्त भूक परत येईपर्यंत थांबा. सिझेरियन झालं असेल तर पोट बांधणं आणि पोटावर तेल लावणं डॉक्टरांना विचारूनच. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूने आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. आणि दीड महिना विश्रांती म्हणजे खरंच विश्रांती, बाराव्या दिवशी पाहुण्यांचा स्वयंपाक नव्हे.

पन्नाशीच्या आसपास वाताचा काळ सुरू होतो आणि वाताचं घर हाडांत. त्वचा कोरडी पडते, झोप तुटते, गुडघे कुरकुरतात, अचानक अंगाची लाही होते. रोज तिळाच्या तेलाचा अभ्यंग, झोपताना तळपायांना तेल, दूध, तीळ, सकाळचं ऊन आणि चालणं, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. पण हाडांची शिल्लक आधीच्या वर्षांतच जमते. पंचविशीत दूध नवऱ्याला आणि मुलांना देऊन स्वतः चहावर दिवस काढणारी बाई पन्नाशीत त्याची भरपाई एका औषधाने करू शकत नाही. घरातल्यांनी तिचं ताट आजच नीट पाहावं.

आणि एक गोष्ट, जी सांगायला अनेक बायका लाजतात. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा नुसता डाग जरी पडला, तरी काढा, चूर्ण काहीही न घेता त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन तपासून घ्या.