मशीनपर्यंतची वाट

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही सात जण कळसूबाई चढणार आहोत. सातही जण चोपन्न-पंचावन्नच्या घरातले, १९८६ साली एकाच वर्गातून दहावी झालेले. बँकेत नोकरी करणारी एक, दोन शिक्षक, एक किराणा दुकानदार, एक शिंपीकाम करणारी, एक वायरमन आणि मी. आणि आठवा आमचा वहीवाला. त्याच्याबद्दलच आज मला बोलायचंय, पण आधी थोडं चढाईबद्दल सांगून घेते.

कळसूबाई म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा माथा. उंची १६४६ मीटर, फुटांत साधारण ५४००. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याजवळ. पायथ्याचं गाव बारी. आम्ही पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर करत शुक्रवारी रात्री बारीत पोहोचणार आणि शनिवारी पहाटे पाचला निघणार. वाटेत कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, माथ्यावर देवीचं छोटंसं देऊळ. ओळखीतल्या लोकांनी आम्हाला शब्द दिलाय की तुम्ही चढाल त्या दर शंभर मीटरमागे आम्ही इतके रुपये देऊ. तो पैसा डायलिसिसवर असलेल्या, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे मशीनने रक्त शुद्ध करून घ्यावं लागणाऱ्या रुग्णांसाठी जाणार आहे. नेमका कशासाठी, ते पुढे येईलच.

तयारी जुलैपासून चालू आहे. सुरुवात केली पर्वतीवरून. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, पुण्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पहिल्या दिवशी एकदाच चढलो, तेही तीनदा थांबून. आता पाठीवर दोन लिटर पाण्याची पिशवी घेऊन दहा खेपा होतात. चढण्याइतकाच सराव उतरण्याचाही करायचा. पुन्हा सांगते, उतरण्याचाही करायचा. चढताना दम लागतो, तो पाच मिनिटं बसलं की परत येतो. उतरताना मांड्या आणि गुडघे सगळं वजन पेलत असतात, आणि पन्नाशीनंतर दुखणं सुरू होतं ते उतरणीवर. निघायच्या आधी पायाची नखं कापा, नाहीतर उतरताना अंगठा बुटावर आपटून नख काळं पडतं. बूट नवे असतील तर आधी महिनाभर भाजी आणायलासुद्धा तेच घाला. आणि हृदयाची तपासणी करून घ्या. आम्ही सातही जणांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने कार्डिओग्राम आणि स्ट्रेस टेस्ट करून घेतली. आमच्यात दोघांना रक्तदाब आहे, एकीला साखर. ती खिशात ग्लुकोज ठेवते आणि कुठल्या खिशात ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. हे फार महत्त्वाचं. गोळी कुठे आहे ते एकट्या आजाऱ्यालाच ठाऊक असून भागत नाही.

आणि गडावर कृपा करून मोबाईलवर मोठ्याने गाणी लावू नका. सप्टेंबरात सिंहगडावर सोनकी फुललेली असते, धुकं असतं, शेजारून चाललेल्या माणसाचा श्वास ऐकू येतो. माझं मत विचाराल तर गडावर माणसाचा आवाजसुद्धा कमीच असावा.

असो. आता वहीवाल्याकडे येते.

कॉलेजात असताना आम्हाला सिंहगड दाखवला तो यानेच. त्या काळी तो आठवड्यातून दोनदा-तीनदा गड चढायचा, आणि परत येऊन म्हशीची धार काढायचा. गेली चार वर्षं तो डायलिसिसवर आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास. डाव्या हाताच्या मनगटाच्या वर शीर फुगलेली आहे. शस्त्रक्रिया करून धमनी आणि शीर जोडलेली असते ना, तीच. त्याला फिस्टुला म्हणतात. त्यावर अलगद बोट ठेवलं तर आत भुंगा गुणगुणतोय असं जाणवतं. ती थरथर चालू आहे म्हणजे हात ठीक आहे. त्या हातात पिशवी धरायची नाही, त्या हाताचा रक्तदाब मोजायचा नाही, त्या हाताला धरून ओढायचं नाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आणि पाणी मोजून. लघवी जवळजवळ होतच नाही, त्यामुळे प्यायलेलं पाणी पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहतं. पाय सुजतात, फुप्फुसात उतरलं तर दम कोंडतो. डॉक्टरांनी त्याला दिवसाला एक लिटर ठरवून दिलंय. त्यात चहा आला, आमटी आली, ताक आलं, गोळीबरोबरचा घोट आला. तो पाणी पितो पूजेच्या पळीने. आईच्या देवघरातली तांब्याची पळी. एका पळीत किती मावतं ते त्याने औषधाच्या मापाने मोजून ठेवलंय. पाच मिली. तहान अनावर झाली की चार पळ्या, जिभेवर घोळवून घोळवून.

आजाऱ्याला भेटायला जाताना प्रेमाने शहाळं नेणाऱ्यांना एक सांगते. डायलिसिसच्या रुग्णाला शहाळं देऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि ते रक्तात वाढलं तर थेट हृदयावर येतं. त्यापेक्षा गप्पा घेऊन जा, तासभर बसा.

तर आम्ही तयारी सुरू केली तेव्हा दर रविवारी भेटायचो. हा सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीला, चढ सुरू होतो तिथे बाकावर बसायचा. मांडीवर वही, हातात घड्याळ. कोण किती वाजता निघालं, कोण किती वाजता परत आलं, सगळ्याची नोंद. पण रविवारी त्याचा चेहरा सुजलेला असायचा, बोलताना धाप लागायची. आमच्या शिंपीणबाईंच्या ध्यानात आलं. ती म्हणाली, "अगं, शुक्रवारी याचं डायलिसिस, नंतर थेट सोमवारी. रविवार म्हणजे याचा सगळ्यात जड दिवस." आम्ही रविवार सोडला आणि शनिवार धरला. दुकानदाराने शनिवारची सकाळ दुकान मुलावर सोपवलं, दोन्ही शिक्षकांनी शाळेत तास बदलून घेतले. शनिवारी तो आला तो ताजातवाना. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आणि येताक्षणी म्हणाला, "आज पहिल्या टपरीपर्यंत मीही येतो. डॉक्टरांना विचारलंय. हळू चाल म्हणाले."

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. पाऊस नुकताच उघडलेला, वाट निसरडी. वायरमन पुढे, मी मागे, मधे तो. वीस पावलं चालायचं, थांबायचं. वीस पावलं, थांबायचं. कुणी घाई केली नाही, कुणी "जमेल का रे" असंही विचारलं नाही. वाटेवरचे लोक पुढे जात होते. बावीस मिनिटांनी टपरी आली.

टपरीवर एक मावशी. समोर ताकाचा माठ, काकडीच्या फोडी, लिंबं. माणूस घामाघूम होऊन आलाय हे बघून तिने न विचारताच ताकाचा ग्लास भरला आणि त्याच्यापुढे धरला. तो म्हणाला, "नको मावशी." तिला वाटलं पैशाचं असेल. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पैसं, प्या." तो हसून पुन्हा नको म्हणाला. आम्ही सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर त्याच्या दुमडलेल्या बाहीखाली गेली. तिने ग्लास खाली ठेवला. आणि म्हणाली, "दादा, मशीनवर हायेत का तुमी?"

तो म्हणाला, "हो."

"आमचं दीर बी हायेत. दोन वर्सं झाली."

मग बसायला पुढे आलेल्या पायरीवरून त्याला आत घेताना तिने त्याचा उजवा हात धरला. बरोबर उजवा. आमच्यातल्या दोघांना तोपर्यंत हे माहीत नव्हतं. तिने लिंबू घेतलं, चिरलं, एक फोड त्याच्या हातावर ठेवली. सवयीने मिठाच्या डबीकडे गेलेला तिचा हात मधेच थांबला. "मीठ न्हाई चालायचं," ती स्वतःशीच म्हणाली. त्याने ती फोड जिभेखाली धरली. लिंबाने तोंडाला पाणी सुटतं, कोरड जाते, आणि लिटरातलं काही खर्ची पडत नाही. ही युक्ती डॉक्टरही सांगतात. मावशीने ती दिराकडे बघून उचलली होती.

आम्ही उत्साहाने तिला सांगायला लागलो, आम्ही कळसूबाई चढणार आहोत, पैसे जमवून एखाद्या केंद्राला मशीन देणार आहोत. खरंच, तेव्हा तोच बेत होता. मशीनवर लावायच्या पाटीचा मजकूरही आमच्या एका मास्तरांनी लिहून ठेवला होता. मावशीने ऐकून घेतलं. ताकात रवी फिरवत म्हणाली, "मशीन फुकाट हाय दादा. मशीनपत्तोर पोचायचं फुकाट न्हाई."

श्रोतेहो, हे वाक्य मी पुन्हा म्हणते. मशीन फुकाट हाय. मशीनपत्तोर पोचायचं फुकाट न्हाई.

तिचे दीर आडवळणाच्या गावात राहतात. डायलिसिस सरकारी योजनेतून होतं, त्याचा एक रुपया लागत नाही. पण पहाटे फाट्यापर्यंत जीप, पुढे दुसरी गाडी. एकटं पाठवता येत नाही, परतताना चक्कर येते, म्हणून जाऊबाई सोबत जाते. म्हणजे दोघांचं भाडं, दोघांचं बाहेरचं खाणं, आणि तिचा शेतातला रोज बुडतो तो वेगळा. आठवड्यातून तीनदा. आता ते दोनदाच जातात. तिसरी खेप परवडत नाही.

आमचा वहीवाला आत्तापर्यंत लिंबू चघळत गप्प होता. त्याने विचारलं, "दोनदाच? मग श्वास लागत असेल त्यांना." ती म्हणाली, "रात रात बसून ऱ्हात्यात." तो काही बोलला नाही. वही उघडली, पेन काढलं, आणि तिला म्हणाला, "मावशी, गावापासून फाटा किती लांब? जीपवाला किती घेतो? मला नीट सांगा." तिने सांगितलं, त्याने लिहून घेतलं. आमच्या वेळांच्या वहीत, त्या दिवशीच्या पानावर, आमच्या नावांच्या खाली.

त्या शनिवारी बाकीचे गडावर गेलेच नाहीत. पिठलं-भाकरी राहिली, देवटाक्याचं पाणी राहिलं. टपरीच्या बाकावर बसून आम्ही हिशेब केला. आठवड्याला तीन, वर्षाला बावन्न आठवडे, म्हणजे १५६ खेपा. जाऊन-येऊन. सोबतीचं माणूस धरलं तर दुप्पट तिकिटं. पुण्यात दारातून रिक्षा करणारी आम्ही माणसं, हा आकडा आमच्या मनात कधी आलाच नव्हता. आमच्या मित्राचं केंद्र घरापासून दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे चार वर्षं त्याला जवळून बघूनही आम्हाला तो दिसला नाही.

मशीनचा बेत सोडला. आता जो पैसा जमेल तो एका धर्मादाय केंद्राकडे प्रवासखर्चासाठी जाईल, गावाकडच्या रुग्णांच्या आणि सोबत येणाऱ्यांच्या. त्यावर पाटी लावता येत नाही. एकदोघा देणाऱ्यांनी तशी नाराजीही बोलून दाखवली. माझं मत स्पष्ट आहे. पाटीसाठी द्यायचं असेल तर नका देऊ. जीपच्या भाड्यावर नाव कोरता येत नाही, पण ते भरलं नाही तर माणूस रात्रभर उशीला टेकून बसून राहतो.

तुमच्या ओळखीत, तुमच्या गावात कुणी डायलिसिसवर असेल तर एवढंच विचारा की जाता कसे, आणि सोबत कोण येतं. गाडी असेल तर महिन्यातली एक खेप उचला. एक खेप. पुन्हा सांगते, महिन्यातली एक.

कळसूबाईची गोष्ट ठाऊक आहे का तुम्हाला? त्या भागात अशी सांगतात. कळसू नावाची कोळ्याची मुलगी, रानात भटकायची आवड. इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, पण अट घालून. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एके दिवशी घरातल्या कुणीतरी दोन्ही कामं सांगितली. तिने निमूट केली, आणि डोंगरावर निघून गेली ती परत आली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला तो काळदरा. मला ही देवी आवडते. दिलेला शब्द मोडला म्हणून घर सोडणारी.

नवरात्रात तिथे जत्रा भरते, त्या भागातली म्हातारी माणसंही चढून जातात. आणि ज्यांना वर जाणं होत नाही त्यांच्यासाठी पायथ्याला, बारीहून थोडं वर, देवीचं दुसरं देऊळ आहे.

आमची डिसेंबरची वही तयार आहे. पान आखून झालंय. डावीकडे आठ नावं, आठ, पुढे निघायची वेळ आणि पोहोचायची वेळ. सात नावांपुढे लिहिलंय, बारी ते माथा. आठव्यापुढे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, बारी ते पायथ्याचं देऊळ. शुक्रवारी दुपारी त्याचं डायलिसिस संपलं की आम्ही त्याला केंद्राच्या दारातूनच गाडीत घेणार आहोत. पळी त्याच्या पिशवीत असेल. लिंबं मावशी देणार आहे.

नमस्कार.