बोटीवर उजवं-डावं नसतं

कोल्हापूरला समुद्र कुठला, असं मघाशी आत येताना एका मित्रानं विचारलं. अहो, १८१२ साली इंग्रजांना लिहून देईपर्यंत मालवणचं बंदर आणि सिंधुदुर्ग करवीरकरांकडंच होता. शीड, डोलकाठी, सुकाणू, तांडेल हे शब्द आपल्या घरचेच. आणि समुद्र राहू दे, आपल्याला पंचगंगा काय कमी आहे?

मी बत्तीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, पण आजचा विषय सुचला तो २०१९ च्या महापुरात. आंबेवाडीच्या बाजूला मी एका बोटीत मदतीला होतो. आम्ही नऊ माणसं, एक शेळी आणि दुधाच्या दोन किटल्या. चालवणारा पोरगा मागं इंजिनाचा दांडा धरून बसलेला, आम्ही सगळे त्याच्याकडं तोंड करून. पाणी इतकं चढलेलं की उसाचे फक्त शेंडे दिसत होते आणि विजेच्या तारा डोक्याच्या उंचीला आलेल्या. एका पाहुण्यानं मान वळवली, त्यांना तार दिसली आणि ते ओरडले, "आरं, उजवीकडं घे!" पोरानं घेतलं उजवीकडं. त्याच्या उजवीकडं. बोट नेमकी तारेवर गेली. सगळे खाली वाकले, तरी एका आजींच्या कपाळाला ती घासलीच. वीज आधीच तोडलेली होती म्हणून आज मी तुमच्यापुढं उभा आहे. आजी वर एवढंच म्हणाल्या, "लेकरा, कुणाचं उजवं?"

त्या प्रश्नाचं उत्तर जहाजावाल्यांनी फार पूर्वी शोधलंय. नाळेकडं, म्हणजे पुढच्या टोकाकडं तोंड केलं की डाव्या हाताला पोर्ट आणि उजव्या हाताला स्टारबोर्ड. तुम्ही कुठंही तोंड करा, ही नावं बदलत नाहीत, कारण ती माणसाच्या बाजूची नसून बोटीच्या बाजूची आहेत. पोर्टला पूर्वी इंग्रज लोक 'लारबोर्ड' म्हणायचे. वाऱ्यात, लाटांच्या आवाजात लारबोर्ड आणि स्टारबोर्ड सारखंच ऐकू यायचं. म्हणून १८४४ मध्ये ब्रिटिश आरमारानं तो शब्दच काढून टाकला. शब्द ऐकू येतो की नाही, यावर जीव अवलंबून असतो, हे त्यांनी ओळखलं. आजही सुकाणू धरणारा "पोर्ट टेन", म्हणजे सुकाणू दहा अंश पोर्टला, हा हुकूम ऐकला की आधी मोठ्यानं तसाच परत म्हणतो, मग चाक फिरवतो. मला ही पद्धत अतिशय आवडते. आपल्या गावोगावच्या बचाव पथकांनी ती उद्यापासून घ्यावी, एवढंच मागायला मी आलोय.

चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

रात्री बोटीच्या पोर्टला तांबडा दिवा, स्टारबोर्डला हिरवा. समोरून दोन्ही दिवे दिसले तर ती बोट थेट तुमच्यावर येतेय. अशा वेळी दोघांनीही स्टारबोर्डला वळायचं. जहाजावर सात छोटे भोंगे आणि एक लांब ऐकू आला की सामान सोडून लाइफ जॅकेटसह ठरलेल्या जागी जमायचं. कुणी पाण्यात पडलं तर कोणत्या बाजूला ते ओरडा, तरंगतं कडं फेका, आणि एकानं हाताच्या बोटानं दाखवत नजर त्याच्यावरच ठेवायची. लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढंही दिसत नाही.

घाबरून सगळे एका बाजूला धावू नका. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. ब्रह्मनाळ तर आपल्या शेजारचं, २०१९ च्याच महापुरात तिथं बचावाची बोट उलटली, तिथलं दुःख अजून ओलं आहे. बोटीत किती माणसं बसायची हे चढण्याआधी ठरतं, मध्यधारेत नाही.

आणि जॅकेट नुसतं गळ्यात अडकवू नका. पट्टे सैल राहिले तर पाण्यात ते वर सरकून तोंडापाशी येतं. दाराजवळच्या टेबलावर दोन जॅकेटं ठेवलीत. जाताना घालून बघा, पट्टे आवळून एकमेकांना खांद्याला धरून वर ओढून बघा. सरकलं तर पुन्हा बांधा.